धोक्याचे अवजार मोडीत निघते तेव्हा



इतिहासाच्या पुस्तकांत शोधांना पाने मिळतात, मोडीला मिळत नाहीत. वाफेचे इंजिन कोणी सुधारले हे शाळेतल्या मुलाला पाठ असते. पण एखादे घातक अवजार कारखान्यातून कधी गेले, कोणी घालविले, आणि घालविण्यास इतकी वर्षे का लागली, हे कोणी विचारीत नाही. आम्ही आयुष्याची तीसएक वर्षे कामगार संघटनेच्या कामात घालविली. तेथे हा दुसरा इतिहास पदोपदी भेटतो. म्हणून आज जी हकीकत सांगावयाची आहे ती मोडीची आहे. ही अवजारे लोखंडाची नव्हेत, शब्दांची आहेत. ती लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात होती, आणि 2020 ते 2024 ह्या काळात ती तेथून काढून टाकण्यात आली.

आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत, जमेल तसे झाले. तेव्हा आम्हांस हा विषय ज्या भाषेत समजला, त्याच भाषेत तो आपल्यापुढे ठेवतो.

संगणक म्हणजे एक कारखाना समजा. त्यात अनेक कामे एकाच वेळी चाललेली असतात. कोणी पत्र लिहितो, कोणी चित्र पाहतो, कोणी पैसे पाठवितो. ह्या सर्वांना जागा आणि वेळ वाटून देणारा, एकाने दुसऱ्याच्या जागेत शिरू नये म्हणून पहारा ठेवणारा जो मध्यवर्ती कार्यक्रम, त्याला कर्नल म्हणतात. आपण त्याला गाभा म्हणू. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स ह्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने 1991 साली लिहून लोकांपुढे ठेवला. त्याचा मजकूर कोणालाही वाचता येतो आणि सुधारून पाठविता येतो. त्याच्या आज कोट्यवधी ओळी झाल्या आहेत. ज्याला आपण अँड्रॉइड फोन म्हणतो त्याच्या पोटात हाच गाभा आहे, आणि जगातील सर्वांत वेगवान अशा 500 संगणकांच्या यादीत नोव्हेंबर 2017 मध्ये एकूण एक यंत्रे लिनक्सवर चालणारी निघाली. तेव्हा ही गोष्ट दूरदेशीची नाही. ती आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे.

आता ह्या कारखान्यातले मूळ सामान पाहू. गाभ्याचा बहुतेक मजकूर 'सी' नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. ही भाषा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची ह्यांनी 1972 च्या सुमारास घडविली. त्या काळी यंत्रे महाग आणि त्यांची स्मृती तुटपुंजी, म्हणून प्रत्येक खण जपून वापरावा लागे. स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची लांबच लांब ओळ; एका खणात इंग्रजीतले एक अक्षर मावते. अक्षरांची माळ ठेवावयाची झाली, तर तिची लांबी कोठेच लिहून ठेवावयाची नाही, माळ संपली की पुढच्या खणात शून्य ठेवावयाचे, अशी त्या भाषेची रीत पडली.

आपल्या रेल्वेत गाडीच्या शेवटच्या डब्यावर 'एल. व्ही.' अशी पाटी असते. गाडी स्टेशनातून जाताना ती पाटी दिसली की गाडी पुरी गेली, मध्ये तुटली नाही, अशी खात्री होते. माळेच्या शेवटचे शून्य ही तीच पाटी होय. मात्र एक फरक आहे. पाटी दिसली नाही तर स्टेशन मास्तर धोक्याची सूचना देतो. यंत्राला तेवढी अक्कल नाही. शून्य दिसले नाही तर ते शेजारचा खण वाचते, त्याच्या पुढचा वाचते, आणि परक्याचे सामान आपल्याच गाडीचे डबे समजून मोजत सुटते. लिहिण्याचे काम असेल तर परक्याच्या सामानावर लिहीत सुटते. ह्या एका रीतीतून पुढची पन्नास वर्षे अपघात निपजले.

पहिला मोठा अपघात गाभ्यातला नव्हे, पण त्याच्या शेजारचा आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढची कथा उलगडणार नाही. 'सी'च्या संग्रहात 'गेट्स' नावाचे एक अवजार होते. बाहेरून येणारी ओळ घेऊन दिलेल्या जागेत ठेवणे हे त्याचे काम. पण ती जागा केवढी आहे हे त्याला सांगण्याची सोयच नव्हती. हंडा भरला की नाही हे नळाला कळत नाही, तसे ते होते. 2 नोव्हेंबर 1988 रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस ह्या विद्यार्थ्याने सोडलेला एक कार्यक्रम आपोआप यंत्रायंत्रांतून पसरला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट अशी होती की, 512 खणांच्या जागेत त्याने 536 खणांचा मजकूर ओतला. उतू गेलेल्या मजकुराने शेजारच्या खणांतला 'काम संपल्यावर कोठे परतावयाचे' हा पत्ता पुसला आणि तेथे चोराचा पत्ता लिहिला. सुमारे 6,000 यंत्रे अडकली असा त्या वेळचा अंदाज होता.

1990 साली न्यायालयाने मॉरिसला शिक्षा दिली. ते योग्यच झाले. पण अवजाराचे काय झाले? माहितगार माणसे 'गेट्स वापरू नका' असे सांगत राहिली, आणि तरीही ते 'सी'च्या अधिकृत प्रमाणातून निघाले 2011 साली. माणसाचा निकाल दोन वर्षांत लागला. अवजाराचा निकाल लागण्यास तेवीस वर्षे लागली.

हे प्रमाण आम्हांस फार ओळखीचे आहे. पत्रा कापणाऱ्या किंवा दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर बोट गेले की पहिल्या चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे दोन शब्द ठरलेले असतात. प्रेसला गार्ड होता काय, दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावाचून ती खाली येणार नाही अशी रचना होती काय, हे प्रश्न मागाहून येतात, आणि तेही कोणी विचारले तर. 1948 च्या कारखाना कायद्याने कलम 21 मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची जबाबदारी कारखाना चालविणाऱ्यावर टाकली, ती ह्याच कारणाने. दिवसातून हजार वेळा हात पुढे करणाऱ्या माणसाने हजारही वेळा सावध असावे, ही अपेक्षा कागदावर शोभते. खात्यात ती टिकत नाही. संगणकाचा मजकूर लिहिणारा सुशिक्षित असेल, वातानुकूलित खोलीत बसत असेल. पण थकवा, घाई आणि साहेबाने दिलेली तारीख ह्या तीन गोष्टी त्यालाही सुटलेल्या नाहीत.

आता गाभ्यात शिरू. तेथे अक्षरांची माळ एका जागेहून दुसऱ्या जागी उतरवून घेण्याचे काम अखंड चालते. त्यासाठी जुने अवजार होते 'स्ट्र-एन-कॉपी'. ते मुळात युनिक्स ह्या प्रणालीत, फाइलच्या नावासाठी राखलेल्या 14 खणांच्या ठरीव पेटीकरिता झालेले. नाव लहान असले तर उरलेले खण ते शून्यांनी भरी; नाव पेटीएवढेच भरले तर शेवटचे शून्य ठेवीतच नसे. त्या पेटीपुरते हे बरोबर होते, कारण पेटीची लांबी सर्वांना ठाऊक होती. पुढे ते सरसकट वापरात आले, आणि शेवटच्या डब्याला पाटी नसलेल्या गाड्या धावू लागल्या.

ह्यावर उतारा म्हणून 1998 साली ओपन-बीएसडी ह्या प्रणालीच्या टॉड मिलर आणि थिओ द राट ह्यांनी 'स्ट्र-एल-कॉपी' हे नवे अवजार काढले. ते जागेपेक्षा अधिक लिहीत नाही आणि शेवटी शून्य ठेवण्यास विसरत नाही. ही मोठीच सुधारणा होती, आणि लिनक्सच्या गाभ्यानेही ते अवजार आपलेसे केले. पण त्यातही एक खोट राहिली. काम झाल्यावर 'मूळ माळ एकंदर केवढी होती' हा आकडा ते परत देते. आणि तो देण्यासाठी, जागा चार खणांची असली तरी मूळ माळ शून्यापर्यंत वाचीत जाते. मुळातच शून्य नसेल तर वाचन परक्या खणांत शिरते. लिहिण्यातला अपघात टळला, वाचण्यातला राहिला. ज्या गाभ्याकडे सर्वांची गुपिते ठेवलेली असतात, तेथे वाचण्यातला अपघातही लहान नव्हे.

म्हणून 2015 साली लिनक्सच्या 4.3 ह्या आवृत्तीत 'स्ट्र-एस-कॉपी' आले. ते जागेपुरतेच वाचते, जागेपुरतेच लिहिते, शून्य ठेवते; आणि माळ मावली नाही तर ऋण आकडा देऊन तसे स्पष्ट सांगते. त्याच वर्षी केस कुक ह्यांच्या पुढाकाराने गाभ्याने स्वतःचे संरक्षण स्वतः करावे अशा हेतूने एक प्रकल्प उभा राहिला. एकेक चूक सापडेल तशी दुरुस्त करीत बसण्यापेक्षा, ज्या प्रकारच्या चुका पुनःपुन्हा होतात तो प्रकारच नाहीसा करावा, हे त्याचे धोरण.

कोणाला वाटेल, चांगले अवजार आले, आता जुने आपोआप जाईल. तसे कधी होत नाही. गाभ्यात एखादे अवजार टाकाऊ ठरले की त्यावर 'वापरू नये' अशी खूण करण्याची सोय होती, आणि ते कोणी वापरले तर मजकूर यंत्रासाठी सिद्ध होताना इशारा छापून येई. इशारे येत राहिले, माणसे ते पाहण्यास सरावली, आणि अवजारे जागच्या जागी राहिली. 2018 साली टोरवाल्ड्स ह्यांनी हे इशारे देण्याची पद्धतच बंद केली. कोणी काही करीत नसेल तर इशाऱ्यांचा गोंगाट खऱ्या इशाऱ्यांना बुडवितो, हे त्यामागचे कारण. कारखान्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षे लटकणाऱ्या 'सावधान' ह्या पाटीची आठवण आम्हांस येथे झाली. ती पाटी नवी असते तेव्हा वाचली जाते. मग तिच्यावर सदरे टांगले जातात.

तेव्हा उरला तो कष्टाचा मार्ग. 'स्ट्र-एल-कॉपी' शेकडो ठिकाणी वापरलेले होते. एक शब्द खोडून दुसरा घालावा इतके ते सोपे नव्हते, कारण जुने अवजार मूळ माळेची लांबी परत देई आणि नवे वेगळाच आकडा देते. ज्याने तो आकडा पुढे हिशेबात घेतला असेल त्याचा हिशेब न कळत चुकावयाचा. म्हणून प्रत्येक ठिकाण वाचावयाचे, तेथे मूळ लेखकाचा हेतू काय होता तो ओळखावयाचा, बदल लिहावयाचा, त्या विभागाच्या राखणदाराकडे पाठवावयाचा, त्याने शंका काढली तर उत्तर द्यावयाचे, आणि मग पुढच्या ठिकाणी जावयाचे. 'स्ट्र-एन-कॉपी'च्या जागा बदलताना आणखी एक खोच निघाली. ते उरलेले खण शून्यांनी भरी. नवे अवजार भरीत नाही. मग उरलेल्या खणांतली जुनी शिल्लक एखाद्या वेळी बाहेरच्यास दिसावयाची. त्यासाठी शून्ये भरणारे नव्या अवजाराचे भावंड तयार करावे लागले. उताऱ्याला उतारा, असेच हे काम असते. ते निरनिराळ्या देशांतल्या अनेक माणसांनी केले. काही पगारी, काही हौशी, पुष्कळसे नवशिके. ह्या कामास कोणी टाळ्या वाजवीत नाही. काम नीट झाले म्हणजे काय झाले? काहीच झाले नाही!

अखेर एकही वापर उरला नाही, आणि जानेवारी 2024 मध्ये 'स्ट्र-एल-कॉपी' गाभ्यातून काढण्यात आले. 10 मार्च 2024 रोजी बाहेर पडलेल्या 6.8 ह्या आवृत्तीत ते नाही.

दुसऱ्या अवजाराची कथा अधिक जुनी आणि अधिक भयंकर आहे. त्याचे नाव 'सेट-एफएस'. ते लिनक्सच्या अगदी बाळपणापासून होते. बाहेरचा कार्यक्रम गाभ्याला एखादा खण-क्रमांक देतो, तेव्हा तो क्रमांक त्या कार्यक्रमाच्या हद्दीतला आहे ना, हे गाभा तपासतो. नाहीतर कोणीही गाभ्याच्याच तिजोरीचा क्रमांक देऊन आत लिहवून घेईल. पण कधी कधी गाभ्यालाच आपल्या अंतर्गत कामासाठी तेच दार वापरावे लागे, आणि मग आपलाच पहारेकरी आपल्याला अडवी. त्यावर युक्ती अशी की, 'सेट-एफएस'ने हद्द थोडा वेळ उठवावयाची, काम करावयाचे, आणि हद्द पुन्हा होती तेथे आणावयाची. इंटेलच्या 386 चिपमधल्या 'एफएस' नावाच्या कप्प्यावरून हे नाव पडले. पुढे त्या कप्प्याचा ह्या कामाशी संबंध उरला नाही. नाव मात्र राहिले.

आता विचार करा. मालकाने आपल्या सोयीसाठी फाटक उघडले आणि लावण्यास विसरला. किंवा लावण्यापूर्वीच त्याला घेरी आली. 2010 साली नेमके हेच उघडकीस आले. हद्द उठविलेली असताना गाभ्याच्या कामात बिघाड झाला, तर ते काम आवरते घेताना हद्द पूर्ववत होत नसे. आणि त्या अवस्थेत बाहेरचा माणूस आपण सांगू त्या खणात शून्य लिहवून घेऊ शकत असे. एवढ्या फटीतून सामान्य वापरणाऱ्यास यंत्राचा सर्वाधिकारी होता येई. ती फट बुजविण्यात आली. अवजार राहिले.

पुढे दहा वर्षांनी क्रिस्टोफ हेलविग ह्यांनी मुळालाच हात घातला. फाटक नीट लावा असे सांगण्याऐवजी, फाटक उघडण्याची गरज कोणाकोणाला पडते हे त्यांनी शोधले आणि त्या प्रत्येकाला स्वतंत्र, सरळ वाट करून दिली. गरज संपली तेव्हा डिसेंबर 2020 च्या 5.10 ह्या आवृत्तीत, आपल्या मेजावरच्या नेहमीच्या संगणकांच्या जातीपुरते हे अवजार काढले गेले. राहिलेल्या बहुतेक यंत्र-जातींचे काम आर्न्ड बर्गमान ह्यांनी पुढे नेले आणि मे 2022 च्या 5.18 ह्या आवृत्तीत ते तेथूनही गेले. सुमारे तीस वर्षांचे अवजार असे मोडीत निघाले.

येथे एक शंका आम्हांस अनेकांनी विचारली आहे. शेवटचा वापरणारा गेल्यावर ते अवजार कोपऱ्यात पडून राहिले तर बिघडते कोठे? त्याचे पहिले उत्तर असे की, कोपऱ्यात पडलेले अवजार पडून राहत नाही. नवा माणूस येतो, जुने काम पाहून शिकतो, हाताला लागेल ते उचलतो. त्याला इतिहास ठाऊक नसतो. अवजारच नसले तर यंत्र त्याला तेथेच अडविते, हा शब्द मला ठाऊक नाही म्हणून सांगते, आणि इन्स्पेक्टरची गरज उरत नाही. दुसरे उत्तर असे की, गाभ्यात घुसू पाहणारा चोर आपली हत्यारे बाहेरूनच आणतो असे नाही. आत जी सापडतात ती तो वापरतो. हद्द उठविणारे अवजार आपण वापरीत नसलो तरी त्याच्या उपयोगाचे असते.

विरोधकांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. चालत्या मजकुरास हात लावला की नवी चूक शिरण्याचा संभव असतो. वर आकड्यांच्या फरकाची हकीकत सांगितली ती ह्यासाठीच. ज्यांनी गाभ्याबाहेर आपापले जोडभाग लिहिले त्यांची कामे अडतात. आणि सर्वांनी एकच निर्णय घेतला असेही नाही. 'ग्लिबसी' नावाचा, बाहेरच्या कार्यक्रमांसाठी असलेला अवजारांचा मोठा संग्रह 'स्ट्र-एल-कॉपी'ला अनेक वर्षे दाराबाहेर ठेवीत आला होता. त्याने ऑगस्ट 2023 मध्ये ते आत घेतले, आणि पाच महिन्यांनी गाभ्याने ते बाहेर काढले. ह्यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. ज्या संग्रहावर असंख्य परके कार्यक्रम विसंबतात त्याला सर्वांचे ऐकावे लागते. गाभ्याला आपल्या भिंतींच्या आत आपले घर नीट लावण्याची मोकळीक आहे. लिनक्सने बाहेरच्या वापरणाऱ्यांना दिलेले वचन असे की, काल चालणारा तुमचा कार्यक्रम आमच्या बदलाने आज बंद पडणार नाही. आतल्या अवजारांविषयी मात्र तसे कोणतेही वचन त्याने मुद्दाम दिलेले नाही. बाहेरच्यांना दिलेला शब्द पाळता यावा म्हणूनच आत मोडतोडीची मोकळीक राखून ठेवली आहे. संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने मनाशी धरावी अशी ही विभागणी आहे असे आम्हांस वाटते.

ह्या सर्व हकीकतीतून आम्ही एकच गोष्ट उचलतो. 'जो कुशल आहे तो हे अवजार नीट वापरील' हे वाक्य 'सी' भाषेच्या जगात वर्षानुवर्षे अभिमानाने बोलले गेले, आणि तेच वाक्य आम्ही प्रेसच्या खात्यात ऐकले. ते खोटे नाही. कुशल माणूस नीट वापरतोच, पुष्कळ वेळा. पण ज्या अवजाराची सुरक्षितता माणसाच्या अखंड सावधपणावर उभी आहे, त्याचा खर्च कोणीतरी भरीत असतो, आणि तो भरणारा बहुधा वेगळाच असतो. चूक लिहिणाऱ्याची, आणि चोरी होते ती ज्याने ते अवजार कधी पाहिलेही नाही अशा माणसाच्या खिशातून. म्हणून अवजार मोडीत काढणे ही टापटिपीची हौस नव्हे, ते न्यायाचे काम आहे.

आणि ते होण्याची रीतही ह्या इतिहासाने दाखविली आहे. फर्मान काढून ते झाले नाही, पाट्या लावून झाले नाही. आधी चांगले अवजार हातात दिले, मग जुने कोठे कोठे लागते त्याची यादी केली, एकेक जागा स्वतः जाऊन बदलली, आणि शेवटचा वापर संपला त्या दिवशी जुने अवजार काढून टाकले. ठेवून दिले नाही. आपल्या गिरणीत, कारखान्यात, नगरपालिकेत, सहकारी बँकेत, 'जपून वापरा' एवढ्या सूचनेच्या भरवशावर चाललेले काय काय आहे, त्याची यादी करावयास घेतली तर पहिले पान भरण्यास एक संध्याकाळ पुरेल. दुसऱ्या पानावर, ते कोणी आणि केव्हा काढावयाचे हे लिहावे.